डावखुरीचा डाव आणि उजवा पैलवान

हे प्रकरण उदगीरचं, दिवाळीच्या सुट्टीतल्या बारा दिवसांचं. यात चूक माझीच जास्त होती हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं वाचताना कोणी पोराला बोल लावणार नाही.

मी शाळेत मास्तर, संध्याकाळी एका हॉलमध्ये ज्युदो शिकवतो. ब्लॅक बेल्ट आहे पण खेळाडू म्हणून काही मोठा नव्हतो, राज्य स्पर्धेला दोनदा गेलो आणि दोन्हीदा पहिल्याच फेरीत बॅग भरली. हॉलला खाली शहाबादी फरशी, वर एकमेकांत अडकवायच्या फोमच्या मॅट, त्या पण दोन वेगवेगळ्या वर्षी घेतल्यामुळं मधोमध एक पायरी तयार झालीय, नवीन पोरगं तिथं हमखास अडखळतं. थ्रोच्या सरावासाठी पिंजाऱ्याकडून आठ इंची कापसाची गादी भरून घेतली आणि वरून ताडपत्री शिवली. पावसाळ्यात तिला वास मारतो पण पोरं तिच्यावर बिनधास्त पडतात, आणि ज्युदोत पडायची भीती गेल्याशिवाय पुढचं काहीच येत नाही.

पोरगा देवणीकडचा, वय सतरा, 66 किलोच्या गटात खेळतो, हॉलमध्ये सगळे त्याला पैलवानच म्हणतात. चौथीपासून तालमीतला. आमच्याकडं पोरगं जरा अंगानं भरलं की घरचे तालमीत टाकतात, त्यात राहुल आवारे बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचा, 2018 ला कॉमनवेल्थचं गोल्ड आणि 2019 ला वर्ल्ड चॅम्पियनशिपचं ब्राँझ, मग कुस्ती सोडून दुसरं काही असतं हे पटवायचं कोणाला. ज्युदो म्हणलं की लोक विचारतात, म्हंजे कराटेच का? हा पोरगा माझ्याकडं आला तो दहावीच्या वर्षी, शिकायला तालुक्याला राहिला आणि जवळ तालीम नव्हती म्हणून.

कुस्तीचं पोरगं ज्युदोत आलं की फायदा पण असतो आणि डोकेदुखी पण. कमरेत ताकद, जमिनीवर दाबून धरण्यात एक नंबर. पण उभ्यानं खेळताना वाकून उभं राहणार, हात सारखा समोरच्याच्या पायाकडं जाणार. एकेरी पट, दुहेरी पट हे त्याचे श्वासासारखे डाव, आणि ज्युदोत उभ्यानं पाय धरायलाच बंदी, 2010 पासून नियम आवळत आणला आणि 2013 ला पूर्णच बंद केलं. म्हणजे पोराचं अर्धं हत्यार दारातच काढून ठेवायचं. उरली टांग. आमची टांग आणि ज्युदोतली उचीमाता ह्या सख्ख्या नाही पण चुलत बहिणी, पाठ समोरच्याकडं करून आपला पाय त्याच्या दोन्ही पायांच्या मधून वर मारायचा आणि त्याला पुढं उलथवायचं. म्हणून मी त्याला उचीमाता धरून दिली. त्याच्या आजीनं एकदा विचारलं पण, कुठली माता रं ही, माहूरची का?

दोन वर्षं झाली, उचीकोमी म्हणजे नुसतं आत शिरून बाहेर यायचा सराव रोज शंभर, गादीवर थ्रो रोज वीस. शो-पीस म्हणून बघितलं तर झकास. पण खऱ्या रँदोरीत, म्हणजे समोरचा पण खेळतोय अशा सरावात, एक सुद्धा लागायची नाही. मोबाईलमध्ये जपानच्या ऑलिंपिक चॅम्पियन लोकांचे व्हिडिओ, कोसेई इनोएची 2000 ची सिडनी फायनल, शोहेई ओनोचे रिओ आणि टोकियोचे थ्रो सगळं सेव्ह, जेवताना पण तेच बघायचा.

आणि अशात ताई आली.

ताई मूळची आमच्याच पट्ट्यातली, बारा-तेरा वर्षांची असताना खेळासाठी बाहेर हॉस्टेलला गेली ती गेलीच, पुढं कितीतरी वर्षं नॅशनल कॅम्पला, देशाबाहेर खेळून आलेली, 63 किलोला. आता गुडघ्यामुळं थांबलीय. दिवाळीला मामाकडं आली होती आणि मामा माझ्या गल्लीत. मी लाजत लाजत विचारलं तर म्हणाली, सर, घरी बसून चिवडा खाऊन कंटाळाच आलाय, येते की. तिची उचीमाता हीच ओळख होती. कोदोकान म्हणजे जपानमधली ज्युदोची मूळ संस्था, तिच्या यादीत 68 थ्रो आहेत पण वरच्या लेव्हलच्या खेळाडूची भाकरी दोन-तीन थ्रोवरच चालते, त्याला तोकुई-वाझा म्हणतात, म्हणजे हातखंडा डाव. मला वाटलं देवच पावला, पैलवानाला जी माता पाहिजे ती चालत दारात आली.

पहिल्या दिवशी तिनं पैलवानाची उचीकोमी बघितली, काही बोलली नाही, आणि पुढं तीन दिवस त्याला एक पण थ्रो मारू दिला नाही. नुसती पकड. बाही धरायची ती करंगळी, अनामिका आणि मधलं बोट ह्या तिघांनी आवळून, अंगठा आणि पहिलं बोट जवळपास सैल, कारण सगळी मूठ आवळली की खांद्यापर्यंत हात लाकूड होतो आणि समोरचा काय करायलाय ते हाताला कळतच नाही. तिच्या स्वतःच्या बोटांच्या पेरांना अजून टेपच्या खुणा होत्या. तालमीत कापड नसतं, अंगाला अंग लागतं, त्यामुळं पैलवान कापड धरायचा म्हणजे गोणी उचलल्यासारखं धरायचा. तीन दिवसांत बोटं सोलली, आणि घरी जाताना माझ्याकडं कुरकुर, सर, ताई थ्रो कधी शिकवणारेत?

चौथ्या दिवशी थ्रो सुरू झाला. ताईनं दाखवला माझ्यावर. मी 46 वर्षांचा, 84 किलो, आणि मला कळलंच नाही मी कधी वर गेलो. मग तिनं समजावलं, आणि समजावलं ते शब्द न् शब्द मी पोरांना सांगतो तसंच: बाहीचा हात असा वर घ्यायचा, घड्याळात टाइम बघितल्यासारखं, दुसऱ्या हातानं कॉलर वर, छाती उघडी, मान वळवायची, मग पाय. मी खूश, म्हणलं आपण पण बरोबरच शिकवत होतो की.

चार दिवस पैलवानानं ते जसंच्या तसं केलं आणि चार दिवस ते बिघडतच गेलं. आधी नुसतं लागत नव्हतं, आता धोका वाटायला लागला. पाय मारताना त्याचं डोकं खाली जायला लागलं, एकदम मॅटकडं, आणि सहाव्या दिवशी तर टाळू मॅटला टेकली. ताईनं जागेवर सगळं थांबवलं. उचीमाता मारताना डोक्यावर सूर मारला तर मॅचमध्ये सरळ हान्सोकु-माके, बाहेर, आणि तो नियम उगाच नाही, मान मोडते. तिचा चेहरा पांढरा पडला होता. मी मात्र शहाण्यासारखं निदान करून मोकळा, म्हणलं हे कुस्तीचं वळण, टांग मारताना डोकं खाली घालायची सवय आहे, ती मोडली पाहिजे. त्याला आठ-दहा मिनिटं डोकं वर ठेवण्यावर झापलं पण.

आता इथं एक बारीक गोष्ट झाली, आणि मी ती चार दिवस डोळ्यासमोर असून बघितली नाही. आमच्या हॉलमध्ये एक बारा वर्षांची पोरगी आहे, 36 किलोची, बडबडी. तिला कोणी शिकवलंच नाही, ती बाजूला बसून ताईचं बघायची आणि आपल्या जोडीदारणीला घेऊन तसंच करायची. थ्रो सुरू झाल्यावर तिसऱ्याच दिवशी तिची उचीमाता लागायला लागली, सरळ रँदोरीत. आम्ही सगळे म्हणलो पोरीत टॅलेंट आहे. टॅलेंट आहेच. पण ती डावखुरी आहे हे मला माहीत होतं आणि त्याचा ह्याच्याशी काही संबंध असेल हे डोक्यात आलं नाही.

ताई पण डावखुरी होती.

सातव्या दिवशी रात्री मी मोबाईलवरचे स्लो मोशनचे व्हिडिओ लावून बसलो. पहिल्यांदा आपण सगळे करतो तेच, थ्रो मारणाऱ्याकडं बघत. त्यात एक गंमत सापडली, ताई तोंडानं घड्याळ म्हणत होती पण तिचा बाहीचा हात घड्याळापर्यंत जातच नव्हता, जरासा वर उचलला की लगेच बाजूला आणि गोल. म्हणजे बाई सांगते एक आणि करते दुसरं. हे खोटेपण नव्हे, तिला दहा-बारा वर्षांपूर्वी कोणीतरी घड्याळ सांगितलं, अंगानं पुढं आपला रस्ता शोधला आणि तोंड मात्र जुन्याच पत्त्यावर राहिलं. भाकरी थापणाऱ्या बाईला विचारा पीठ किती, ती म्हणणार अंदाजानं, आणि तो अंदाज बोटात असतो, बोलण्यात नसतो.

पण त्यानं डोकं खाली का जातं ते कळेना. मग कंटाळून मी खाली पडणाऱ्याचे पाय बघायला लागलो, म्हणजे माझेच. आणि तिथं सगळं होतं.

जरा नीट सांगतो, कारण सगळं प्रकरण ह्याच्यावरच उभं आहे. उजव्या हाताचा खेळाडू उजव्या हातानं कॉलर धरतो, डाव्यानं बाही, आणि उजवा पाय पुढं ठेवून उभा राहतो. डावखुऱ्याचं उलट. दोघं उजवे समोरासमोर आले तर त्याला जपानीत ऐ-योत्सु म्हणतात, एक उजवा एक डावा आला तर केन्का-योत्सु. आमची पोरं सरळ पकड, उलटी पकड म्हणतात. ताई डावी, जगातले बहुतेक जण उजवे, त्यामुळं तिचं सगळं करिअर उलट्या पकडीत गेलं. ती डावा पाय समोरच्याच्या उजव्या मांडीला आतून लावते, आणि समोरचा उजवा असला की त्याची उजवी मांडी पुढंच असते, तिच्या पायाजवळ, घरपोच.

पैलवान उजवा. तो ताईची आरशातली नक्कल करायचा, म्हणजे उजवा पाय समोरच्याच्या डाव्या मांडीला. पण त्याचा जोडीदार पण उजवा, त्याचा डावा पाय मागं. मांडी जिथं असायला पाहिजे तिथं नव्हतीच, वीतभर नाही, चांगली हातभर मागं. मग पोरगा काय करणार, पाय तिथपर्यंत पोचवायला पुढं वाकणार, आणि पाय जितका मागं आणि वर तितकं डोकं खाली. सी-सॉचा हिशोब आहे. त्याच्या टांगेचा, तालमीचा, सवयीचा काडीचा संबंध नव्हता. मी त्याला ज्या गोष्टीसाठी झापलं ती गोष्ट तो माझ्या सांगण्यामुळंच करत होता.

सकाळी सातला मी ताईच्या मामाच्या दारात. ती अंगणात दात घासत होती. व्हिडिओ दाखवला. बघितला, परत बघितला, आणि म्हणाली, सर, मी सरळ पकडीत उचीमाता जवळपास मारलेलीच नाही हो, डावखुरी समोर आली की मी दुसरंच खेळायचे. मग हसायला लागली. इतकी वर्षं खेळून तिला हे कधी शब्दात मांडायची वेळच आली नव्हती, कारण तिला कोणी विचारलंच नव्हतं. आणि मी पण काय विचारायचो? ताई, थ्रो कसा मारायचा. हा प्रश्नच बिनकामाचा.

त्या दिवसापासून आम्ही प्रश्न बदलला. समोरचा काय करतो तेव्हा तुमचा पाय सुटतो? बसून विचारलं तर तिला सांगता येईना. म्हणून मी तिची पकड घेऊन उभा राहिलो आणि पुढं-मागं चाललो, आणि जिथं तिला वाटेल तिथं तिनं मारायचं. तीसेक वेळा तरी पडलो असेन, रात्री बायकोनं पाठीला झेंडूबाम लावताना जे ऐकवलं ते इथं लिहीत नाही. पण पडणाऱ्याच्या जागेवरून जे कळतं ते बाजूला उभं राहून कळत नाही. पाय लागायच्या आधीच मी गेलेलो असायचो. मी पाऊल उचललं आणि ते टेकायच्या बेतात आहे, वजन ना इकडं ना तिकडं, त्याच क्षणी कॉलर ओढली जायची. ज्युदोच्या पुस्तकात हेच कुझुशी, त्सुकुरी, काके म्हणून लिहिलंय, तोल मोडणं, जागा घेणं, फेकणं, 1882 ला ज्युदो काढणाऱ्या जिगोरो कानोंचीच ती शिकवण, आणि मी ती पोरांकडून पाठ करून घेतो बेल्टच्या परीक्षेला. अंगावर आल्यावर समजली.

मग उजव्यासमोर उजव्या पैलवानाचं काय करायचं, तर मागची मांडी पुढं आणायची. ताईनं दोन रस्ते काढले. एक म्हणजे मागं सरकत सरकत कॉलरच्या हातानं गोल ओढायचं, समोरचा सरळ व्हायला डावं पाऊल पुढं टाकतोच, ते टेकायच्या वेळी शिरायचं. दुसरा म्हणजे आधी ओउची-गारी, आतून त्याच्या डाव्या पायाला आकडा, खरंच घालायचा, दाखवायला नाही, तो तिथं पाय वाचवण्यात गुंतला की तोच पाय परत न आणता उचीमातेला वर. पैलवानाला दुसरा जमला. कारण आकडा लावून चिकटणं हे त्याला तालमीतून येत होतंच, लहानपणापासून. उरलेल्या पाच दिवसांत उचीकोमी शंभरची तीसवर आणली, पण प्रत्येक चालत्या जोडीदारावर. डोकं वर ठेव हे वाक्य कोणी एकदा पण उच्चारलं नाही आणि डोकं वर आलं.

थ्रो ताईसारखा दिसत नव्हता. तिचा कसा, पंखा फिरल्यासारखा. ह्याचा खडबडीत, एका पायावर दोन-तीन उड्या मारत, बैलगाडी चिखलातून काढल्यासारखा. बाराव्या दिवशी रँदोरीत चार लागले, त्यातला एक माझ्यावर.

जाताना ताईनं पोरांना गोळा करून थोडं बोललं, सुशीला देवी लिकमाबामबद्दल, 48 किलोला 2014 आणि 2022 दोन्ही कॉमनवेल्थला सिल्वर, टोकियो ऑलिंपिकला ज्युदोत भारताकडून ती एकटी. पोरं आपली फिदीफिदी हसायला लागली. ताई चिडली. मग मी सांगितलं, ताई, विसरलात का, आपल्याकडं सुशीला म्हणजे चुरमुऱ्याचा नाश्ता. ती पण हसली.

विभागीय शालेय स्पर्धेत पैलवानाच्या तीन मॅच झाल्या. पहिलीत ओउची घालून उचीमाता, वाझा-आरी म्हणजे अर्धा गुण मिळाला, आणि तो मॅच संपेपर्यंत टिकवला. दुसरीत समोरचा पोरगा सावध, थ्रो लागला नाही पण खाली पडापडीत पैलवानानं दाबून धरला, वीस सेकंद पूर्ण, इप्पॉन म्हणजे पूर्ण गुण, मॅच तिथंच जिंकली, तिथं तालीम कामाला आली.

तिसरीत समोर डावखुरा आला.

म्हणजे बघा, उलटी पकड, मांडी पुढं, घरपोच, जी परिस्थिती ताईच्या थ्रोची जन्मभूमी, नेमकी तीच. आणि आम्ही ती सातव्या दिवसानंतर पूर्ण सोडून दिलेली, पैलवानाला बाही सुद्धा मिळेना. उलट्या पकडीत बाही लांब असते, आधी तिच्यासाठीच भांडावं लागतं, आणि ते ताईनं पहिल्या तीन दिवसांत शिकवलेलं होतं, थ्रो कधी शिकवणार म्हणून कुरकुर करत होता तेव्हा. दोन मिनिटांत तीन शिडो म्हणजे पंचाच्या ताकिदी, पकडच घेत नाही म्हणून, तीन झाले की बाहेर. पोरगा मॅटच्या कडेला बसून रडला नाही, पण बूट घालायला त्याला लई वेळ लागला.

रात्री ताईला फोन लावला. स्पीकरवर टाकला. पैलवान म्हणाला, ताई, डावरा आला होता. ती म्हणाली, अरे मग त्याच्यावर तर माझा चालला असता की. मग थोडा वेळ कोणीच बोललं नाही. मग तिनं विचारलं, तुमच्याकडं ती छोटी आहे ना, बडबडी?

आता रोज क्लास सुटल्यावर पंधरा मिनिटं पैलवान त्या 36 किलोच्या पोरीसमोर उभा राहतो, थ्रो नाही, फक्त पकड. ती त्याला बाही मिळू देत नाही. आणि ह्या कामाची तिची फी ठरलेली आहे, आठवड्याला एक प्लेट सुशीला, वरून शेंगदाणे जास्त.